मेकअपला मीटर लावला तर मलनिस्सारण आकार कमी होईल का?

प्रश्न आहे लोअर परळच्या ५०० टनांच्या वॉटर-कूल्ड एसी प्लांटचा: कूलिंग टॉवरच्या मेकअप लाइनवर, म्हणजे उडालेलं आणि सोडलेलं पाणी भरून काढणाऱ्या पाइपवर, मीटर बसवला की मलनिस्सारण आकार कमी होणार का?

एकट्या त्या मीटरवर नाही. हे सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय.

मलनिस्सारण आकार पाणीपट्टीच्या टक्क्यांत लागतो, त्यामुळे हवेत उडालेलं पाणीही गटारात गेलं असंच धरलं जातं. ५०० टनांना तासाला साधारण ३४० घनमीटर पाणी फिरतं. टॉवरमध्ये येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक धरला तर ३४० × ५ × ०.००१५३ (बाष्पीभवनाचा ठोकळ गुणांक), म्हणजे तासाला २.६ घनमीटर वाफ. सायकल, म्हणजे टॉवरच्या पाण्यातले क्षार मेकअपच्या किती पट, ४ ठेवलीत तर ब्लोडाउन (क्षार वाढू नयेत म्हणून गटारात सोडायचं पाणी) ०.८७, मेकअप ३.४७. चारातले तीन हिस्से गटारात जातच नाहीत. पण दाखवायचं म्हटलं की मेकअप वजा ब्लोडाउन, म्हणजे मीटर दोन.

इथे सल्लागार म्हणतात, दुसरा मीटर कशाला, कंडक्टिव्हिटीवरून (पाण्याची वीजवाहकता, क्षारांबरोबर वाढते) सायकल काढू. मुंबईत? जिथे तलावाचं पाणी आणि बोअरचा टँकर एकाच टाकीत पडतो? मेकअपची कंडक्टिव्हिटी दुपारी एक, संध्याकाळी दुसरी. त्यात प्रोबवर क्षार बसले की आकडा आणखी खाली. तो पडताळ्यापुरता ठीक. टाकीचं पाणी एकसारखं असेल त्या आठवड्यात मेकअप भागिले ब्लोडाउन करा, ती मीटरची सायकल, आणि कंडक्टिव्हिटीच्या सायकलशी ताडून बघा. मीटर ७ सांगतात आणि कंडक्टिव्हिटी ४, तर पाणी ब्लोडाउन मीटर चुकवून जातंय: बेसिनचा ओव्हरफ्लो, धुताना उघडलेला ड्रेन, नाहीतर साइड-स्ट्रीम फिल्टरचं (टॉवरचं थोडं पाणी वळवून गाळणाऱ्या फिल्टरचं) बॅकवॉश, म्हणजे तो उलटा धुतल्याचं पाणी. बॅकवॉश ब्लोडाउन मीटरच्या आधी जोडून घ्या.

ब्लोडाउनला मल्टिजेट (फिरत्या चाकाचा मीटर) लावू नका, गाळाने अडकतो. इलेक्ट्रोमॅग्नेटिक घ्या, आणि उभ्या पाइपात, पाणी खालून वर जाईल असा बसवा. पाइप अर्धा रिकामा असला की रीडिंग काहीच्या बाही येतं. पाइप पीव्हीसीचा असेल तर अर्थिंग रिंग (पाण्याला अर्थ देणारी धातूची कडी) हवीच. ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून बारीक धार सोडायची सवय मोडा. कंट्रोलरने पूर्ण उघडणारा आणि पूर्ण बंद होणारा व्हॉल्व्ह लावा, आणि मीटर लाइनच्या नाही, प्रवाहाच्या मापाचा घ्या. मेकअपलाही तेच दुखणं: बेसिनमधला फ्लोट व्हॉल्व्ह मिटत आला की धार इतकी बारीक होते की मीटर हलतच नाही. तिथलं नुकसान तुमचंच, कारण वजावट तेवढी घटते. त्यापेक्षा लेव्हल स्विच आणि सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह) बरा. मीटरआधी स्ट्रेनर, आणि तो महिन्याला उघडून धुवा.

आणि हो, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत या बाष्पीभवनाची ठरलेली वजावट मिळते. तुम्ही मात्र खरेदीआधी वॉर्डात लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या. टँकरचं पाणी पालिकेच्या बिलात नसतं, त्याची वजावट मागू नका. टँकरच्या इनलेटला तिसरा मीटर लावून तो हिस्सा वेगळा काढा.