ओला टॉवेल आणि कुलूपबंद रेकॉर्डर

नमस्कार. तुमच्या तीन पानी पत्रात मुलाचे दहावी-बारावीचे टक्के आहेत, पुतण्याचं पुण्यातलं पॅकेज आहे, आणि रात्री दोन वाजता चिरंजीवांनी स्वयंपाकघरात मुळे मोडले, फरशीवर ओला टॉवेल आपटला, याचं साग्रसंगीत वर्णन आहे. हे आवाजाचं वेड सोडून त्याने एमपीएससी द्यावी, ही तुमची मागणी. त्याच्या ज्या बारा मिनिटांच्या भयपटासाठी हे आवाज काढणं चाललं होतं, तो तुम्ही पाहिलात का, ते मात्र कुठेच नाही. लिंक होती म्हणून मी पाहिला.

मित्राचा रेकॉर्डर तुम्ही बी.एस्सी.च्या निकालापर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवलाय. मुलगा वीस वर्षांचा आहे हो! वस्तूही दुसऱ्याची, आजच परत द्या. 'सिडकोत लोक विचारतात, डीजे होणार का?' याचं उत्तर तुमच्याकडे नाही, आणि तो राग मुलावर निघतोय.

'असले आवाज नेटवर फुकट मिळतात, मग भाजी का नासायची?' मिळतात की. पण त्याच्या फिल्ममधली म्हातारी अंधारात सावकाश बोटं मोडते. मुळा हळूहळू वाकवला की आधी करकरतो, मग कडकन तुटतो. ते तिच्या हाताशी जुळवता येतं. आयता आवाज स्वतःच्याच वेगाने वाजतो. पडद्याकडे बघत असे आवाज करण्याला फोली म्हणतात, आणि ते करणारे त्यावर पोट भरतात. भीती नुसत्या दणक्यात नसते, हेही त्याला कळलंय. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या जिन्यात त्याने रातकिडे अचानक बंद केले, तिथे मी दचकले.

संवाद मात्र कच्चे आहेत. माइक लांब, मागे पंखा. कट आला की खोलीची शांतताच बदलते, कारण सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करून ती कटांखाली घातलेली नाही. महागडा माइक नको, पंखा बंद करणारं कुणीतरी हवं.

एमपीएससी त्याला द्यायची असेल तर देईल. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म शिकवणाऱ्या संस्थेत साउंडचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा असते आणि पदवी लागते. म्हणून बी.एस्सी. सोडायची नाही, एवढ्यापुरती मी तुमच्या बाजूने. सुरुवातीला पैसा अनियमित असतो, काम बहुतेक मुंबई-पुण्यात, हे त्यालाही ठाऊक असू दे.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तोवर रविवारी फिल्म बघा, मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून. टॉवेल कशाला आपटला ते सातव्या मिनिटाला कळेल.