टिक लहान केली म्हणजे तरलता वाढते का?

टिक साइझ, म्हणजे शेअरचा भाव ज्या किमान टप्प्याने बदलू शकतो तो टप्पा, जितकी लहान तितका बाजार अधिक तरल (भाव फारसा न हलवता खरेदी-विक्री करता येण्याजोगा) आणि व्यवहार स्वस्त, हे खरे आहे का, असे आपण विचारले आहे. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावरून माझा एका वरिष्ठांशी दीर्घकाळ वाद झाला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मी तेव्हा संस्थात्मक ग्राहकांच्या मोठ्या ऑर्डरी पूर्ण करण्याचे काम करत असे. एका लहान कंपनीचे बरेच शेअर विकायचे होते आणि त्यांत रोजची उलाढाल फारशी नव्हती. बिड (खरेदीदार देऊ करतो तो भाव) आणि ऑफर (विक्रेता मागतो तो भाव) यांत एकदोन टिकचेच अंतर, म्हणजे स्प्रेड, होते. पण सर्वोत्तम बिडवर जेमतेम शंभर शेअर, त्याखाली पन्नास, मग काही टिक रिकाम्या आणि पुन्हा किरकोळ मागणी, इतकी ऑर्डर बुक (पूर्ण व्हायच्या ऑर्डरींची यादी) विरळ होती. मी ऑफरच्या बाजूला लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाखाली न विकण्याची ऑर्डर) लावली की क्षणार्धात कोणीतरी एकच टिक कमी भाव लावून माझ्या पुढे जाई. मी भाव उतरवला की तोही उतरवी, आणि मी ऑर्डर मागे घेतली की त्याचीही नाहीशी होई. एकाच भावाच्या ऑर्डरींत आधी आलेली आधी पूर्ण होते, पण रांगेत असे आधी उभे राहण्याला अर्थ उरतो तो पुढे घुसणाऱ्याला काही मोजावे लागत असेल तरच. टिक नगण्य झाली की ते मोल शून्यावर येते आणि मोठी ऑर्डर उघडपणे लावून थांबायला कोणी धजत नाही. अखेर समोरच्या बिड घेत घेत विक्री पूर्ण करावी लागली, तेव्हा सरासरी भाव सकाळच्या बिडपेक्षा बराच खाली गेला होता. स्प्रेड इतका कमी असताना एवढा खर्च आलाच कसा, असे वरिष्ठांनी सर्वांदेखत विचारले. माझे उत्तर आजही तेच आहे: स्प्रेड हा पहिल्या शंभर शेअरांचा खर्च सांगतो, पुढच्या हजारोंचा खर्च डेप्थवर, म्हणजे प्रत्येक भावाला किती शेअरांच्या ऑर्डरी उभ्या आहेत यावर, ठरतो.

अमेरिकेत १९९७ पर्यंत बहुतेक शेअरांचे भाव डॉलरच्या आठव्या हिश्शात, म्हणजे साडेबारा सेंटच्या टप्प्यांनी लावले जात. नंतर सोळावा हिस्सा आला आणि २००१ मध्ये एक सेंट. स्प्रेड घटले, पण सर्वोत्तम भावावर दिसणारी शेअरसंख्याही घटली. २०१६ ते २०१८ या काळात तेथे लहान कंपन्यांच्या काही शेअरांना पाच सेंटची टिक लावून उलटा प्रयोग झाला, तेव्हा डेप्थ वाढली आणि स्प्रेडही रुंदावले. प्रयोग पुढे चालू राहिला नाही, हाच लहान टिक चांगली या स्वतःच्या म्हणण्याचा पुरावा असे वरिष्ठ मानत. मला ते मान्य नाही, कारण ज्या शेअरांचा स्प्रेड मुळात पाच सेंटहून कमी होता त्यांनाही तीच टिक सरसकट लावली गेली होती, आणि खर्चाचा भार प्रामुख्याने तेथेच वाढला.

अर्थात, आपण थोडेच शेअर घेत असाल तर लहान टिक आपल्या फायद्याची आहे, हे मी नाकारत नाही. प्रचंड उलाढालीच्या ज्या शेअरांत स्प्रेड कायम एकाच टिकवर अडकलेला असतो, तेथे टिकच मोठी ठरते आणि रांगा विनाकारण लांबतात. अशा शेअरांसाठी अमेरिकेच्या एसईसी या शेअरबाजार नियामकाने २०२४ मध्ये अर्ध्या सेंटचा नियम मंजूर केला, तो योग्यच आहे. युरोपीय संघात २०१८ पासून टिक शेअरच्या भावावर आणि त्यात रोज सरासरी किती सौदे होतात यावर ठरते, आणि मला हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते.

म्हणून कोणी नुसता स्प्रेड दाखवून बाजार तरल असल्याचे सांगू लागले, तर आपल्या आकाराची ऑर्डर लावताना बिड आणि ऑफर यांचा मध्य किती होता आणि ती पूर्ण झाल्यावर सरासरी भाव किती पडला, हे दोन आकडे त्यांच्याकडे मागा.