वृत्तछायाचित्रकार होण्यासाठी पदवी वा पदविका घेतल्याचा उपयोग होतो का?

आपण बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात, वर्तमानपत्रासाठी छायाचित्रे काढण्याची इच्छा आहे आणि आधी छायाचित्रणाची पदविका करावी की थेट काम मागायला जावे, असा आपला प्रश्न आहे. पुण्यातील एका मराठी दैनिकात मी बरीच वर्षे छायाचित्रकार आहे आणि अलीकडे नव्याने येणाऱ्या मुलांचे काम पाहण्याची जबाबदारीही माझ्याकडे असते, त्या अनुभवावरून लिहितो. पहिले काम मिळवण्यासाठी पदविकेचा उपयोग जवळजवळ होत नाही. तो पुढे होतो, आणि तोही अभ्यासक्रम पारखून घेतलेला असेल तरच.

काम मागायला आलेल्या मुलाचे प्रमाणपत्र मी शेवटी पाहतो आणि अनेकदा पाहायचे राहूनही जाते. आधी पाहतो ती छायाचित्रे आणि त्यांच्याखालच्या फोटोओळी. पालखी सोहळ्याचे उदाहरण घ्या. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाटाच्या वळणांवरून चढणाऱ्या दिंड्यांचे, उंचावरून टिपलेले छायाचित्र प्रत्येक दैनिकाला हवे असते आणि ते घाटात उभ्या असलेल्या सगळ्याच छायाचित्रकारांकडे थोड्याफार फरकाने सारखेच असते. डेस्कच्या, म्हणजे पाने लावणाऱ्या संपादकीय विभागाच्या, उपयोगी पडते ते पान लागण्याच्या आत पोहोचलेले, आडव्या व उभ्या अशा दोन्ही चौकटींत घेतलेले (कारण संध्याकाळी जाहिरात येते आणि पानावरची जागाच बदलते) आणि ज्याच्या फोटोओळीत दिंडी रथापुढील की रथामागील, तिचा क्रमांक कोणता, छायाचित्र नेमके कोठे व केव्हा घेतले, हे बिनचूक लिहिलेले आहे असे छायाचित्र. क्रमांक चुकला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून कार्यालयातले फोन वाजू लागतात. हे सारे गर्दीत, पावसात, मोबाइलचे नेटवर्क गेलेले असताना जमते का, एवढाच प्रश्न छायाचित्रकार निवडणाऱ्याच्या मनात असतो आणि त्याचे उत्तर गुणपत्रिकेवर सापडत नाही.

मोठ्या वृत्तछायाचित्रकारांकडे पाहून निष्कर्ष काढायचा तर दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो. रघु राय यांचे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे. ते १९६६ मध्ये ‘द स्टेट्समन’मध्ये रुजू झाले आणि पुढे मॅग्नम या छायाचित्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेपर्यंत पोहोचले. याउलट किशोर पारेख अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकून आले होते. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी होत्या, पण कॅमेरा त्यांना माणेकशा व्यारावाला (पुढे त्यांचे पती) यांनी शिकवला. आणि एवढे शिक्षण असूनही त्यांची सुरुवातीची छायाचित्रे माणेकशांच्याच नावाने छापून येत. मला यांत सर्वांत बोलके वाटते ते दानिश सिद्दीकी यांचे उदाहरण. अर्थशास्त्राची पदवी, नंतर दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातून जनसंज्ञापनाचे शिक्षण, मग दूरचित्रवाणीवर वार्ताहर, आणि २०१० मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेत चक्क इंटर्न म्हणून प्रवेश. रोहिंग्या निर्वासितांवरील कामासाठी पत्रकारितेचे २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या रॉयटर्सच्या चमूत ते होते. शिक्षण होते, नोकरीचा अनुभवही होता, तरी छायाचित्रकार म्हणून सुरुवात खालच्या पायरीवरूनच करावी लागली.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. संस्थेचे ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र दाखवले की पोलिसांच्या कड्यातून आत जाता येते, असे अनेकांना वाटते. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता) असो की केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची, दोन्हींसाठी वृत्तक्षेत्रातील कामाचा अनुभव लागतो. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर किमान पाच वर्षांच्या पूर्णवेळ कामाची अट आहे. तोपर्यंत दैनिकाचे पत्र आणि बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यांशी असलेली ओळख यांवरच भागवावे लागते.

मग शिक्षणाचा उपयोग कोठे होतो? माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा कायद्याच्या आणि विश्वासार्हतेच्या बाबतीत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पीडित बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. चेहरा धूसर केला, पण घराची पाटी किंवा शाळेचा गणवेश चौकटीत राहिला, तरी ओळख उघड होतेच. घटनास्थळी धावपळ करत शिकलेल्या मुलाला हे सहसा कोणी बसवून सांगत नाही. तसेच प्रताधिकाराचे. नोकरीत असताना दैनिकासाठी काढलेल्या छायाचित्राचा हक्क आणि फुटकळ मानधनावर दिलेल्या छायाचित्राचा हक्क यांत १९५७ च्या कायद्याने फरक केला आहे आणि करारात वेगळे काही लिहिले असेल तर तेही पाहावे लागते. आपली छायाचित्रे पुढे कोठे वापरली जातात, यावर हक्क सांगायचा असेल तर हे आधीच कळलेले बरे. संगणकावरील फेरफारांचेही तेच. २००६ मध्ये बैरूतच्या एका छायाचित्रातील धूर वाढवल्याचे उघड झाल्यावर रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याची सर्व छायाचित्रे विक्रीतून काढून टाकली. उजेड थोडा वाढवणे कोठवर चालते आणि फसवणूक कोठे सुरू होते, यावर चांगल्या वर्गात तासन्‌तास चर्चा होते, आणि अशी चर्चा करायला दैनिकात कोणाला सवड नसते.

म्हणून माझा सल्ला असा की बी.कॉम. पूर्ण करावे. नोकरीच्या जाहिरातीत ‘पदवीधर’ अशी अट असली तर ती त्याने भागते. शनिवार-रविवारच्या छायाचित्रण वर्गांत लग्न आणि उत्पादनांची प्रकाशयोजना बरी शिकवतात. त्यासाठी दोन-अडीच लाख मोजून वृत्तपत्रात काही फरक पडत नाही. शिकायचेच असेल तर विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागात शिकावे. पुण्यात ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, तशा विभागात बातमी, कायदा आणि भाषा यांची सवय होते, शिवाय सोबत शिकणारे पुढे वार्ताहर व उपसंपादक होतात आणि जिल्ह्यात काही घडले की त्यांना आपला क्रमांक आठवतो. कोठेही शुल्क भरण्यापूर्वी मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी इंटर्नशिप कोठे केली आणि त्यांची छायाचित्रे नावानिशी कोठे छापून आली, एवढे अवश्य विचारावे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेथे प्रवेश घेऊ नये.

निकाल लागेपर्यंत आपल्या प्रभागातील पाणीटंचाई, महापालिकेची सभा, बाजार समितीतील आवक असे रोजचे विषय टिपा, प्रत्येकाखाली पूर्ण फोटोओळ लिहा आणि त्यांतील मोजकी छायाचित्रे स्थानिक आवृत्तीच्या मुख्य छायाचित्रकारांना दुपारी नेऊन दाखवा. संध्याकाळी गेलात तर कोणालाही वेळ नसतो.