बाबांना कर्ज काढू देऊ का?

प्रश्न : मी बार्शीचा, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम (ईएनटीसी) डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. लॅपटॉप दादाचा जुना, ४ जीबी रॅमचा. आर्डुइनो बोर्डचे प्रोग्राम लिहायचं आर्डुइनो आयडीई २ उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मित्र म्हणतात, एम्बेडेडमध्ये (यंत्रांतल्या चिपांचे प्रोग्राम लिहिण्यात) जायचं तर नवा घे. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : आधी बाबांना थांबव.

तुझ्या आर्डुइनो ऊनो बोर्डवरच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी फ्लॅश ३२ केबी, रॅम २ केबी. एवढासा प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे चिपच्या भाषेत उतरवायला, तुझा लॅपटॉप पुरून उरतो. जड आहे ती कोड लिहायची खिडकी. आयडीई २ काय किंवा व्हीएस कोड काय, दोन्हींच्या पोटात क्रोमियम ब्राउझर आहे.

लिनक्स टाकून जीनी हा हलका एडिटर घे. विंडोज सोडवत नसेल तर नोटपॅड प्लस प्लस. कंपाइलला एव्हीआर-जीसीसी, चिपवर चढवायला एव्हीआरड्यूड, सगळं फुकट. मेकफाइल, म्हणजे ‘मेक’ या टूलला कंपाइलच्या पायऱ्या सांगणारी फाइल, मात्र स्वतः लिही. दोन दिवस डोकं पिकेल, पिकू दे. मग जीनीत शिफ्ट-एफ९ दाबलं की मेक चालतं, आणि खाली आलेल्या एररवर क्लिक केलं की कर्सर थेट चुकलेल्या ओळीवर.

आता प्रोग्राम किती जागा खातो ते सांगणारं एव्हीआर-साइज चालव. टेक्स्ट (कोड), डेटा (सुरुवातीची किंमत दिलेले व्हेरिएबल), बीएसएस (शून्यापासून सुरू होणारे) असे आकडे येतील. डेटा आणि बीएसएसची बेरीज म्हणजे सुरुवातीलाच अडलेली रॅम. सिरियलवर (केबलमधून लॅपटॉपवर) छापायचे चार लांबलचक मेसेज वाढव आणि परत बघ. डेटा फुगलेला दिसेल, कारण ऊनोवर साधी स्ट्रिंगही (मजकूरही) रॅममध्ये येऊन बसते. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा ‘रॅम कुठे गेली?’ हा माझा लाडका प्रश्न होता. नुसतं अपलोडचं बटण दाबत आलेली पोरं तिथे गप्प व्हायची. एडिटर कुठला वापरतोस, हे मी कुणाला विचारल्याचं आठवत नाही.

टर्मिनलमधला व्हीआय एडिटरही थोडा शिक: फाइल उघडणं, बदलणं, सेव्ह करून बाहेर पडणं. लिनक्सवाल्या छोट्या बोर्डांवर पुष्कळदा तेवढंच हाताशी असतं. एसटीएम३२ चिपांसाठीचं जड सॉफ्टवेअर, एसटीएम३२ क्यूबआयडीई, तुझ्या मशीनवर रडेल. ब्रेकपॉइंट लावून (प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून) डीबग करणं कॉलेजच्या लॅबमध्ये शिकून घे.

आणि दादाला विचार, लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्कच आहे का? असेल तर बाबांकडून फक्त एसएसडीपुरते पैसे माग.