वाचकांचे प्रश्न: काम नाही की कामाची परवानगी नाही?

प्रश्न: स्थलांतरितांमधे, त्यातही निर्वासितांमधे, बेकारी जास्त असते असं सारखं वाचनात येतं. आणि दुसरीकडे हेच लोक नोकऱ्या पळवतात अशी ओरड! दोन्ही एकदम कसं खरं असेल?

उत्तर: असू शकतं, कारण बऱ्याचदा दोन्ही तक्रारी एकाच माणसाबद्दल असतात. आधी एक फरक बघा, स्थलांतरित बहुतेकदा ठरवून निघतो, ओळखीतल्या कुणाशी तरी बोलून, कधी नोकरी हातात घेऊनच. निर्वासिताला रात्रीतून निघावं लागतं, जे हाताला लागेल ते घेऊन. पोचल्यावर आधी आश्रयासाठी अर्ज आणि मग निकालाची वाट, आणि या काळात कितीतरी ठिकाणी काम करायलाच बंदी असते. ब्रिटनमधे आश्रयाच्या अर्जाचा निर्णय १२ महिने लागला नाही तरच कामाची परवानगी मागता येते, तीही ठराविक कामांसाठीच. युरोपियन युनियनच्या २०१३ च्या नियमात ही वाट जास्तीत जास्त ९ महिन्यांची ठरली. आता पोट काही ९ महिने थांबत नाही ना, मग माणूस मिळेल ते काम रोखीत करतो, अर्ध्या मजुरीवर, आणि मालकाने पैसे बुडवले तर तक्रार कुठे करणार, काम केलं हेच मुळात सांगता येत नाही. कागदावर तो रिकामा, आणि शेजारच्या कामगाराच्या नजरेत मजुरी पाडणारा.

परवानगी मिळण्याचा कायदा झाला म्हणजे सुटलं असंही नाही. तुर्कस्तानने जानेवारी २०१६ मधे सीरियन लोकांसाठी वर्क परमिट सुरू केलं, पण अर्ज मालकाने करायचा आणि एका ठिकाणी त्यांची संख्या तिथल्या नागरिक कामगारांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ द्यायची नाही. ज्याला स्वस्तातला, न बोलणारा माणूस हवा आहे तो मालक कशाला अर्ज करेल? बहुतेक जण परमिटशिवायच काम करत राहिले. आणि गंमत म्हणजे १९५१ च्या निर्वासित करारात, कलम १७ मधे, नोकरीच्या हक्काबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त काही देशांनी सही करतानाच त्या कलमाला अपवाद नोंदवले.

प्रश्न: पण शिकलेल्यांना तरी काम मिळायला हवं ना? डिग्री तर कुठेही डिग्रीच.

उत्तर: तिथेच खरी मेख आहे. समजा एक नर्स आहे, दहा वर्षं वॉर्डात काढलेली. नव्या देशात तिला सांगतात की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत दाखला, तुमच्या विद्यापीठाने थेट आमच्याकडे सीलबंद पाकिटात पाठवायला हवी. ते विद्यापीठ बंद पडलंय, किंवा ज्या सरकारच्या भीतीने ती पळाली त्याच सरकारच्या ताब्यात आहे, आणि त्यांना पत्र लिहायचं म्हणजे आपला पत्ता आपणच कळवायचा. मग भाषेची परीक्षा, तिची फी, आणि कागद जमेपर्यंत सीव्हीत पडलेला तीन वर्षांचा खड्डा, जो बघून मुलाखत घेणारा विचारतो, मधे काय करत होतात? काय सांगणार, वाट बघत होते? कागद नसलेल्यांचं शिक्षण मुलाखत घेऊन तपासायची एक सोय काउन्सिल ऑफ युरोपने २०१७ पासून केली आहे, पण त्याने नर्सिंगचं लायसन्स मिळत नाही, शिक्षण काय झालंय ते फक्त कळतं.

प्रश्न: मग डॉक्टर असून टॅक्सी चालवतो तो बेकारांत मोजतात का?

उत्तर: नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत पाहणीच्या आठवड्यात पैशासाठी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. आणि दारं ठोठावून कंटाळला, काम शोधणंच सोडलं, तर तोही बेकारांत येत नाही, कारण शोधत असणं ही अट आहे. म्हणून आकडा खाली आला की मी आधी बघतो, तो काम मिळून खाली आलाय की लोकांनी शोधायचं सोडलं म्हणून.