शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांना शाळेतच मार्गदर्शक नेमून दिल्याने खरोखर फरक पडतो का?

होय, पडतो, मात्र मार्गदर्शक नियमित भेटणारा आणि दीर्घकाळ टिकणारा असेल तरच. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विकसित झालेल्या ‘चेक अँड कनेक्ट’ या कार्यक्रमात मार्गदर्शक मुलाची हजेरी, वर्तन आणि गुण यांवर सातत्याने लक्ष ठेवतो, त्याच्याशी वरचेवर बोलतो, घरच्यांशी संपर्क राखतो आणि किमान दोन वर्षे त्याची साथ सोडत नाही.

यात हजेरीकडे सर्वांत आधी पाहावे, कारण मूल शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी तासांना दांड्या सुरू होतात, मग सलग दिवस बुडतात. अशा वेळी “का आला नाहीस?” असा जाब विचारण्याऐवजी “तीन सोमवार दिसला नाहीस, सकाळी घरी काही अडचण असते का?” असे विचारले, तर धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते, असे खरे कारण बाहेर येऊ शकते आणि त्यावर शाळेला काही उपायही करता येतो. नुसत्या उपदेशाने मात्र ही अडचण सुटत नाही.

माझ्या मते, ज्याच्या हातात मुलाचे गुण आहेत अशा शिक्षकाकडे ही जबाबदारी शक्यतो देऊ नये. शिवाय, काही आठवड्यांतच भेटी थांबल्या, तर आधीच दुरावलेल्या मुलाचा मोठ्यांवरचा विश्वास आणखी ढळतो. त्यामुळे वेळ देणे शक्य नसेल, तर सुरुवातच न केलेली बरी.