दशावतारात पेटी वाजवतो, त्यावरच पीएचडी होईल का?

होईल की. फक्त तू म्हणतोस तशी नाही. तुझं म्हणणं असं की एमए मराठी झालंय, कुडाळकडच्या एका दशावतारी नाटक कंपनीत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला बसतोस, आणि स्टेजवर वाजवतोस तेच विद्यापीठाने संशोधन म्हणून धरावं, वर परत प्रबंध कशाला. तर बाबा, प्रबंध लिहावाच लागेल, आपल्याकडे त्याला सुटका नाही.

बाहेर थोडं वेगळं आहे. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत वादकाच्या डॉक्टरेटमध्ये मैफिलींची मालिकाच असते आणि जोडीला लेखी भाग, ब्रिटनमध्येही नाटकाचा प्रयोग संशोधनात मोजतात. पण तिथेही प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या म्हणून कोणी डिग्री देत नाही. तुला पडलेला प्रश्न काय, तो वाजवल्याशिवाय सुटलाच नसता असं का, आणि जे हाती लागलं ते न वाजवणाऱ्या माणसाने तपासायचं कसं, एवढं सांगावंच लागतं. हे तिन्ही तू इथल्या प्रबंधातही सांगू शकतोस, कोणी अडवलेलं नाही.

विषय म्हणून दशावताराचा इतिहास कृपया घेऊ नकोस. दशावताराची सुरुवात गोरे यांनी केल्याची कथा आणि १७२८ साली आडिवऱ्याला श्यामजी नाईक काळे यांनी दशावतार आणल्याची कथा, ह्या दोन्ही इतक्यांदा लिहून झाल्यात की आता नवीन कागदपत्र सापडल्याशिवाय त्यात भर पडणार नाही, आणि कागद शोधायला तुझी पेटी काय कामाची?

जे पेटीवर बसलेल्यालाच दिसतं ते धर. लिहिलेली संहिता नसते हे तुला मी काय सांगणार. पालखी फिरून येते, रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या खोलीत, गणपतीची पूजा होते, तोंडाला रंग लावता लावता आख्यान, म्हणजे त्या रात्रीची गोष्ट ठरतं, आज राजा कोण, राक्षस कोण, कुठे ताणायचं. संवाद स्टेजवरच सुचतात. मग राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, बाकड्यावर बसून मनाला येईल तेवढं बोलतो आणि बोलता बोलता पद, म्हणजे गाणं उचलतो, आणि तू त्याच्याच सुरात हजर असतोस, मृदंगवालाही. तुला कळलं कसं? शेवटचा शब्द त्याने ओढला का? बोलतानाच आवाज पट्टीवर आणून ठेवला होता का? पाय बाकड्यावरून खाली घेतला? का तुझ्याकडे नुसतं बघितलंन? तू म्हणशील सवयीने कळतं. ती सवय म्हणजे नेमकं काय हाच तुझा प्रबंध, आणि तो मराठी विभागात खुर्चीवर बसून कोणाला लिहिता यायचा नाही.

त्यासाठी एकच नट आणि एकच आख्यान धर, पण ठिकाणं बदल. जत्रेतला रात्रभराचा प्रयोग, स्पर्धेतला घड्याळ लावून केलेला, आणि संयुक्त दशावतार, जिथे समोरचा नट दुसऱ्या कंपनीचा असतो आणि पेटीवाल्याला त्याची सवयच नसते. माझा अंदाज, सगळ्यात जास्त माल ह्या तिसऱ्यात मिळेल, कारण एकमेकांची ओळख नसली की खुणा मोठ्या आणि उघड कराव्या लागतात. ट्रिकसीनचे, म्हणजे चमत्कार दाखवणारे प्रयोग सध्या बाजूला ठेव, त्यात लाइटवाला वगैरे येतो आणि पसारा वाढतो.

यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत पण कॅमेरा सगळा नटाच्या तोंडावर, पेटी फ्रेमच्या बाहेर. तुला बाजूने असा कॅमेरा लावावा लागेल की तुझे हात आणि नटाचे पाय एकत्र दिसतील. आवाजाचा रेकॉर्डर पेटीला चिकटून ठेवलास तर बोलणं पार बुडतं, एक पडद्याजवळही लाव. नंतर तेच फुटेज तू आणि नट वेगवेगळे बसून बघा आणि इथे पद का सुरू झालं ते आपापलं सांगा. जिथे दोघांचं जुळत नाही ती जागा सोन्याची. पण हे सीझनमध्ये जमायचं नाही, रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा हे काय उगाच म्हणत नाहीत, माणूस पुढच्या जत्रेला निघालेला असतो. बैठकी पावसात ठेव. आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचा पेटीवालाही घे, नाहीतर व्हायवात पहिलाच प्रश्न येणार, तुम्हीच वाजवलंत आणि तुम्हीच तपासलंत का.

परवानगी मालकाची, नटांची आणि जत्रेत शूट करायचं तर देवस्थानचीही, शक्यतो लेखी. एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, प्रबंध शोधगंगा ह्या प्रबंधांच्या वेबसाइटवर जातो, कोणीही डाउनलोड करतो. एखाद्या जुन्या नटाचं पूर्ण आख्यान त्याच्या ठेवणीतल्या वाक्यांसकट परिशिष्टात छापलंस तर त्याचं पोट भरणारी गोष्ट तू फुकट वाटलीस. लागतील तेवढेच तुकडे दे, मालवणी मालवणीच ठेव, आणि काय छापणार ते त्याला आधी वाचून दाखव.

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६ (परत नोंदणी करून आणखी २ मिळू शकतात, बायकांना त्यावर आणखी २), कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने काढली, पण विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात, तेव्हा तिथलं परिपत्रक बघ. पार्टटाइम चालतं, नोकरी असेल तर ऑफिसचं ना-हरकत लागतं. खरी अडचण गाइडची, कारण असिस्टंट प्रोफेसरकडे एका वेळी ४, असोसिएटकडे ६ आणि प्रोफेसरकडे ८ च विद्यार्थी चालतात. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, तिथे एमए मराठीवाल्याला घेतात का ते फोन करून विचार. मराठी विभागात गेलास तर पदांचं नोटेशन वाचणारं तिथे कोणी नसेल, म्हणून संगीतातला को-गाइड मिळेल का हे फॉर्म भरायच्या आधीच बोलून घे, आणि भेटायला जाताना सिनॉप्सिसबरोबर मोबाईलवर पाच मिनिटांची एक क्लिप ने, पद सुरू होतं तिथली.